अक्का, २१८ चे १३७ झाले

आदरणीय अक्का,

सा. न. वि. वि.

परवा बँकेचा घरकर्जाचा तिमाही उतारा आला. उरलेले हप्ते १३७. कागद हातात घेऊन मी सवयीनं वरच्या मजल्यावर निघाले, आणि निम्म्या जिन्यात आठवलं की तुमच्या दाराला आता कुलूप आहे. तुम्ही हैदराबादला, मुलाकडं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्या शिलाई लाइनवरच्या तिघी-चौघी मला सारख्या विचारतात, "त्या कर्जाचं तू काय केलंस गं?" तोंडी सांगायला गेले की माझा गोंधळ होतो. तुमच्यासारखं मला नाही जमत.

मार्च २०२३ मधली ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. आपल्या सोलापुरातल्या नीलम नगरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तो पाण्याचा दिवस होता. सगळी बिल्डिंग बादल्या, पिंपं घेऊन धावत होती आणि मी जिन्यात बसले होते. मोटर लावायचीही शुद्ध नव्हती. तुम्ही विचारलंत, "काय झालं गं?" मी काहीच बोलले नाही, नुसता कागद पुढं केला.

कर्ज आम्ही नवरा-बायकोनं २०१८ मध्ये काढलं होतं. दहा लाख, वीस वर्षं, हप्ता ८,६७८ रुपये. ते एमआयडीसीत टॉवेलच्या मालाचा टेम्पो चालवायचे, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात. दोघांच्या कमाईत हप्ता बसत होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टेम्पो उभा राहिला, तेव्हा सहा महिने हप्ता न भरण्याची सवलत आम्ही घेतली. आम्हाला वाटलं, सहा हप्ते सुटले. जानेवारी २०२१ मध्ये ते वारले. कर्जाचा विमा आम्ही काढलेला नव्हता. हप्ता तेवढाच राहिला, पगार मात्र एकच उरला. हातात येणाऱ्या साडेसतरा हजारांतला अर्धा पगार पाच तारखेला जायचा. तरीही मी एक हप्ता चुकवला नव्हता. माझ्या मनातला हिशेब साधा होता. वीस वर्षांतली पाच होत आली, पंधरा राहिली.

त्या कागदावर लिहिलं होतं, उरलेले हप्ते २१८. अठरा वर्षं आणि दोन महिने.

तुम्ही मला वर नेलंत. चहा ठेवलात, चष्मा पुसलात आणि आधी लेकरं जेवली का ते विचारलंत. मग तुमची ती आडव्या रेघांची वही काढली. एकतीस वर्षं सहकारी बँकेत कारकुनी केलेल्या माणसाची आकडे लिहायची पद्धत मी त्या दिवशी पाहिली. प्रत्येक आकडा रेघेवर बसलेला, बेरजेखाली दोन रेघा. तुम्ही सांगितलंत की त्या सहा महिन्यांचं व्याज माफ झालंच नव्हतं, ते मुद्दलात जाऊन बसलं. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. माझा दर नऊ टक्के झाला. बँकेनं हप्ता वाढवला नाही, मुदत लांबवली. मला कुणी विचारलं नाही. हप्ता तोच दिसत होता, म्हणून मलाही कळलं नाही.

मग तुम्ही हप्त्याचे दोन तुकडे करून दाखवलेत. शिल्लक नऊ लाख तीस हजार. ८,६७८ मधले ६,९७५ व्याजात, मुद्दलात फक्त १,७०३. मी रडायला लागले. तुम्ही समजूत काढत बसला नाहीत, कॅल्क्युलेटर माझ्याकडं सरकवलात. म्हणालात, "रडू नको, बटण दाब. आता महिन्याला पाचशे जास्त भरले तर काय होतंय ते बघ की."

दोघींनी मिळून महिन्यामागून महिना लिहिला. व्याज, मुद्दल, शिल्लक. तुमच्या वहीची पानं भरत गेली, धाकटा तुमच्या सोफ्यावरच झोपला. शेवटी हिशेब १९१ वर थांबला. पाचशे रुपयांनी सत्तावीस हप्ते गेले होते. हजार धरले तर १७१. आणि दहा हजार एकदम, आजच भरले तर? शेवटचे पावणेसहा हप्ते गळत होते, म्हणजे जवळजवळ पन्नास हजार रुपये. मला ते खरं वाटेना. तुम्ही मला पुन्हा करायला लावलंत. तेवढंच आलं.

तुम्ही समजावलंत ते माझ्या शिलाईच्या भाषेत. हप्ता म्हणजे पुढून टाके घालत जाणं, आणि जादा रक्कम म्हणजे मागच्या टोकाकडून उसवत येणं. जादा रुपयातला एक पैसाही व्याजात जात नाही, सगळा मुद्दलाला लागतो. पुढं जितके महिने त्यावर व्याज चढणार होतं, तितके महिने ते चढत नाही.

पण दुसऱ्याच दिवशी मी पिग्मी, माझी रोजची छोटी बचत, मोडून अकरा हजार भरायला निघाले, तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडलात. आयुष्यात पहिल्यांदा. "ती तुझ्या आजारपणाची आहे. तिला हात लावायचा नाही." वर विचारलंत, आणखी कुठं देणं आहे? बचत गटाचं कर्ज होतं, नवऱ्याच्या दवाखान्याच्या वेळी घेतलेलं, चौदा हजार उरलेलं, चोवीस टक्क्यांचं. लाजेनं मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, नऊ टक्के थांबतील, चोवीस टक्के थांबत नाहीत. ते फिटेपर्यंत घराच्या कर्जात एक रुपया जास्त भरू दिला नाहीत. लाइनवरच्या बायकांना मी हे सगळ्यात आधी सांगते.

पाचशे आणायचे कुठून, हाही प्रश्न तुम्हीच सोडवलात. घरखर्चाची यादी बघून तुम्ही एवढंच म्हणालात, "यातून काय काढणार? यात काही नाहीच." त्या एका वाक्यासाठी मी तुमची ऋणी आहे. तोवर जो तो मला काटकसर शिकवत होता. चहा कमी कर, मोबाइलचा रिचार्ज कमी कर, मुलीची शिकवणी बंद कर. खर्चात काही उरलेलं नाही हे मान्य करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. मग तुम्ही खालच्या मजल्यापासून सुरुवात केलीत आणि घरोघर सांगितलंत की ही फॉल-पिको करते, चांगला करते. एका साडीचे सत्तर रुपये. महिन्याला सात साड्या झाल्या की पाचशे जवळ आले. पहिल्या सातपैकी चार साड्या तुमच्याच होत्या. त्यातल्या दोन साड्यांना आधीच फॉल लावलेला होता, तो तुम्ही उसवून दिला होतात. मला उलट्या बाजूला जुन्या टाक्यांची भोकं दिसली होती, अक्का. मी तेव्हा बोलले नाही. आज सांगते.

दिवाळीच्या बोनसचे दहा हजार घेऊन बँकेत गेले, तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, मुदतीआधी भरलं तर दंड लागेल. तुम्ही घरून निघतानाच सांगून ठेवलं होतं की फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जावर असा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बंदी घातली आहे. मी तेवढंच म्हटलं, हळू आवाजात. ते आत जाऊन आले आणि पावती फाडली. माझे पाय कापत होते. पण मी म्हटलं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही पेपरातलं कात्रण घेऊन खाली आला होतात. व्याजदर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे आता बँकेला कर्जदाराला विचारावं लागेल. दर तिमाहीला उतारा द्यावा लागेल आणि त्यात किती मुद्दल गेलं, किती व्याज, किती हप्ते राहिले, हे सगळं असेल. तुम्ही ते कात्रण माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंत. अजून आहे.

आणि तो मे २०२४ चा दिवस. सीझनच्या ओव्हरटाइमचे दहा हजार मी भरले होते. पण पुढच्या महिन्याचा हप्ता शंभरेक रुपयांनी कमी आला आणि मुदत होती तिथंच. मला तर आनंद झाला होता, शंभर रुपये वाचले म्हणून! तुम्ही कपाळाला हात लावलात. भर दुपारी, सोलापूरच्या त्या उन्हात, तुमचे गुडघे दुखत असताना माझ्यासोबत रिक्षानं आलात. शाखेत खुर्ची दिली तरी बसला नाहीत. मला कोरा कागद दिलात आणि सांगितलंत तसं मी लिहिलं : "भरलेली जादा रक्कम मुद्दलात जमा करून माझा मासिक हप्ता पूर्वीइतकाच ठेवावा व कर्जाची मुदत कमी करावी, ही विनंती." दोन प्रती. एकीवर तारखेसह शिक्का. "पोहोच घेतल्याशिवाय बँकेतून हलायचं नाही," तुम्ही रिक्षात बसताना म्हणालात. त्यानंतरच्या प्रत्येक अर्जाची पोहोच माझ्याकडं फायलीत आहे.

माझा भाऊ म्हणायचा, हे पैसे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाक, जास्त मिळतील. कारखान्यातले अकाउंटंट म्हणायचे, घरकर्ज फेडू नये, टॅक्स वाचतो. भावाला तुम्ही खोटं पाडलं नाहीत. म्हणालात, ज्याची नोकरी पक्की आणि घरात दोन पगार, त्यानं तसा विचार करावा. टॅक्सचं ऐकून मात्र हसलात. "तुला टॅक्स लागतोच कुठं? मग वाचणार काय?" मलाही वाटतं, एकट्या बाईच्या घरात उद्याच्या नफ्यापेक्षा छपराचं देणं कमी होणं मोठं. निदान माझ्या घरात तरी.

लेकीला डेंग्यू झाला तेव्हा दोन महिने मी जादा एक पैसा भरला नाही. पिग्मी मोडली ती तेव्हाच. मला फार अपराधी वाटत होतं. तुम्ही दवाखान्यात डबा घेऊन आला होतात, कडक भाकरी आणि तिच्यासाठी वेगळं वरण. म्हणालात, "हप्ता चुकला नाही ना? मग झालं. जादाचं हातात आहे, पाहिजे तेव्हा थांबवायचं." ती बरी झाल्यावर आधी पिग्मी पुन्हा सुरू करायला लावलीत, मगच महिन्याचे जादा हजार.

२०२५ मध्ये दर उतरले. या वेळी बँकेनं विचारलं, हप्ता कमी करू का? मी तुम्हाला न विचारता नाही म्हणाले. तुम्ही घरात सामान बांधत होतात. मी सांगितलं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता माझ्या पाठीवर हात ठेवलात.

आता शिल्लक सात लाख सदुसष्ट हजार आहे, दर सव्वाआठ. तीन वर्षांत छत्तीस हप्ते नेहमीचे गेले आणि वरचे पंचेचाळीस गळाले. त्यातले काही दर उतरल्यामुळं, बाकीचे साड्यांचे, बोनसचे आणि सीझनचे. कर्ज फिटेल तेव्हा मी चौपन्न वर्षांची असेन असं त्या रात्री निघालं होतं. आता पन्नास निघतंय, आणि मी थांबणार नाही.

तुमची वही तुम्ही जाताना मला देऊन गेलात. पुढचं पान मी स्वतः आखलंय, तुमच्यासारखं सरळ आलं नाही. जूनमध्ये युनिफॉर्मचा सीझन संपला की दहा हजार भरायचे आहेत. पूर्वी दहा हजारात जवळजवळ सहा हप्ते जायचे, आता माझ्या हिशेबानं तीनच जातात. म्हणजे १३४. शेवट जवळ आला की जादा रक्कम कमी हप्ते खाते, म्हणूनच तुम्ही सुरुवातीला एवढी घाई करत होतात, हे मला आत्ता आकडे मांडताना कळलं. वहीच्या पानाचा फोटो मी तुमच्या नातीच्या मोबाइलवर पाठवलाय. तिला मोठा करून दाखवायला सांगा. कुठं चुकलं असेल तर लाल पेनानं खूण करा.

लेकीनं शेंगा चटणी केलीय, खलबत्त्यात कुटून. या आठवड्यात हैदराबादला जाणाऱ्या एकांच्या हाती पाठवते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची