"मूळ कागद कुठेय?" विचारणाऱ्या काकांना

ती.स्व. काका,
सा.न.वि.वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही, पण बडोद्याच्या दांडिया बाजारातले निम्मे लोक ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय उडवता, म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय, आता उडवून दाखवा. काल विसर्जन झालं, आज मी रजा टाकलीये, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा सकाळी नऊपर्यंत झोपले.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमचं ऑफिस सयाजीगंजात, तळमजल्यावर. अमेरिकेतल्या अकाउंटंट लोकांची टॅक्सची कामं करतो, बासष्ट माणसं, आणि कोणाच्याच टेबलावर खरा कॉम्प्युटर नाही, नुसता एक छोटा डबा नि स्क्रीन. प्रत्येकाचं विंडोज चालतं ते आत सर्व्हर रूममध्ये, ह्यालाच व्हीडीआय म्हणतात. एरवी फार सोयीचं प्रकरण आहे, पण ती एक खोली गेली की बासष्ट कॉम्प्युटर एकदम जातात, आणि तेच झालं.

२०२४ च्या २६ ऑगस्टला जन्माष्टमीची सुट्टी होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पुढच्या दोन दिवसांत विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या, आणि आमच्या वॉचमनचा फोन आला, "पाणी अंदर आवी गयुं, बेन." २०१९ च्या पुरात पाणी पायरीपर्यंत येऊन मागे फिरलं होतं म्हणून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की ते तिथवरच येतं. आता जड माल रॅकमध्ये खाली लावतात, नाहीतर रॅक पुढे कलंडतो, हे बरोबरच आहे, पण त्यामुळे आमचा स्टोरेजचा डबा सगळ्यात तळाला होता आणि सर्व्हर वर. सर्व्हर कोरडे राहिले आणि ज्यावर सगळं होतं तो स्टोरेजच बुडाला.

शुक्रवारी ३० ला ऑफिस उघडलं तेव्हा गुडघाभर उंचीवर चिखलाची रेघ होती आणि तो वास अजून माझ्या ओढणीला येतो असं मला उगीच वाटतं. मेंटेनन्सवाल्यांनी तिकीट नंबर दिला आणि रस्ते सुरू झाले की इंजिनिअर येईल म्हणाले. आमचे सर म्हणाले, एकदा चालू करून तर बघ. माझा हात खरंच बटणापर्यंत गेला होता काका. तेवढ्यात तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही हॅलोसुद्धा न म्हणता म्हणालात, "बटणाला हात नाही लावायचा. वायरी काढ, फोटो काढ, बाहेर ये, चहा पी." ओल्या डिस्कला करंट दिला की जे थोडंफार वाचलं असेल तेही जातं, हे मला माहीत होतं, शिकवतेसुद्धा मी ज्युनिअर्सना, पण त्या क्षणी काहीच आठवत नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत बॅकअप कुठेय. तो दुसऱ्या मजल्यावर सरांच्या केबिनमध्ये, एका छोट्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर, कोरडा ठणठणीत. तो तिथे कोणी ठेवायला लावला होता ते मी इथे लिहीत नाही, कळलं असेलच. मी खूश होऊन लिस्ट उघडली आणि बासष्ट डेस्कटॉप एकेक करून रिस्टोअरला लावायला सुरुवात केली, एकाला चाळीस मिनिटं दाखवत होतं. तुम्ही संध्याकाळी चिखल तुडवत आलात, स्क्रीन बघितली आणि म्हणालात, "अगं ह्या सगळ्या झेरॉक्स आहेत. मूळ कागद कुठेय? ह्या परत आणत बसलीस तर गणपती बसून उठतील."

मला एवढ्या वर्षांत कोणी हे इतक्या सोप्या भाषेत सांगितलं नव्हतं. आमचे डेस्कटॉप इन्स्टंट क्लोन आहेत, म्हणजे एकाच गोल्डन इमेजवरून, म्हणजे एका तयार मूळ मशीनवरून, काढलेल्या कॉप्या, फेकून दिल्या तरी सिस्टीम परत बनवते. मी महिनोन्‌महिने झेरॉक्सचा बॅकअप घेत होते आणि नॅस भरला म्हणून तक्रार करत होते. खऱ्या परत आणायच्या त्या चारच गोष्टी, लॉगिनवालं ॲक्टिव्ह डिरेक्टरी, सर्व्हर सांभाळणारं व्हीसेंटर आणि लोकांना डेस्कटॉप जोडून देणाऱ्या होरायझनचा कनेक्शन सर्व्हर, गोल्डन इमेज, आणि लोकांची प्रोफाइलं, म्हणजे प्रत्येकाची स्वतःची सेटिंग नि फाइली.

शनिवारी अहमदाबादहून भाड्याचे दोन सर्व्हर आले, स्वतःच्या डिस्क असलेले, टेम्पोवाल्याने चिखल बघून दुप्पट पैसे मागितले ते वेगळंच. आधी डोमेन कंट्रोलर, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर, उठवला, आमचे दोन्ही एकाच स्टोरेजवर होते, हा मूर्खपणा माझा. उठला, पण लॉगिन होईना. दोन तास मी डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय) खणत बसले आणि तुम्ही खुर्चीत डोळे मिटून विचारलंत, "घड्याळ बघितलंस?" भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ एकोणीस मिनिटं मागे होतं, आणि पाच मिनिटांच्या वर फरक पडला की लॉगिन तपासणारं केर्बेरॉस दारात उभं करत नाही. ते झालं तर सिसव्हॉल शेअर (कंट्रोलरांचं सामाईक फोल्डर) दिसेना, कारण रिस्टोअर केलेला कंट्रोलर दुसऱ्या कंट्रोलरची वाट बघत बसला होता, जो अस्तित्वातच नव्हता. तुम्ही सांगितलंत, ह्यालाच घरातला कर्ता कर, मग त्याला ऑथॉरिटेटिव्ह, म्हणजे ह्याचीच प्रत खरी असं ठरवून दिल्यावर चालायला लागला. तो बिचारा सर्व्हर मला आमच्या शेजारच्या आजोबांसारखा वाटला, मुलगा अमेरिकेहून येईल म्हणून जेवायचे थांबलेले.

रविवारी व्हीसेंटर त्याच्या फाइल बॅकअपवरून त्याच नावाने उभा राहिला, विशेष त्रास नाही. खरा घाम कनेक्शन सर्व्हरने काढला. त्याच्या व्हीएमचा (म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मशीनचा) शेवटचा चांगला बॅकअप अकरा दिवस जुना निघाला. पण होरायझन रोज रात्री स्वतःच्या सेटिंगची एक एलडीएफ फाइल काढून ठेवतं आणि २०२२ मध्ये तुम्ही बसून एक चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती, ती फाइल नॅसवर कॉपी करणारी, मी विसरूनच गेले होते. २६ च्या रात्रीची फाइल मिळाली, नवा सर्व्हर त्याच नावाने, त्याच व्हर्जनचा टाकला, आणि ती फाइल आत घेणाऱ्या व्हीडीएमइम्पोर्ट कमांडने डेटा रिकव्हरी पासवर्ड मागितला.

तो पासवर्ड माझ्याकडे नव्हता. म्हणजे ज्या फाइलमध्ये होता ती फाइल बुडालेल्या स्टोरेजवर होती. मी रडायच्या बेतात होते, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुला तेव्हा घरी लिहून ठेव म्हटलं होतं, कशावर लिहिलंस?" कालनिर्णयवर! २०२२ चं कालनिर्णय, आणि आईने ते टाकलं नव्हतं कारण मागे कुठल्यातरी वड्यांची पाककृती होती. तिने फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं, दुधाच्या हिशोबाच्या खाली होतं, आणि दर अक्षराला विचारत होती मोठं की छोटं. (कॅलेंडरवर पासवर्ड लिहू नये हे मला माहीत आहे, त्यावरून कोणी मला शिकवायला येऊ नये, आता तो सीलबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये आहे.)

गोल्डन इमेज परत आली पण तिचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची टिपलेली अवस्था) आला नाही, बॅकअपमधून मशीन येतं, स्नॅपशॉट येत नाही, म्हणून पूल, म्हणजे डेस्कटॉपांचा गट, जुन्या स्नॅपशॉटला शोधत बसला. नवा स्नॅपशॉट घेतला, जुना पूल काढला, नवा केला, आणि अर्ध्या तासात रिकामे डेस्कटॉप भराभर बनायला लागले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सर धावत आले, लोकांना बोलवू का? तुम्ही त्यांना सरळ नाही म्हणालात, आमच्या सरांना नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. प्रोफाइलं जागेवर नसताना कोणी लॉगिन केलं की त्याला कोरं करकरीत नवं प्रोफाइल मिळतं, मग जुनं-नवं जुळवत बसा. प्रोफाइलं ज्यात असतात त्या एफएसलॉजिक्सच्या फाइली सव्वा टीबी. कागदावर एक गिगाबिटच्या नेटवर्कवर टीबीला अडीच तास, पण आमच्या नॅसने आठ तास घेतले. त्या रात्री तुम्ही घरून थर्मासमध्ये चहा आणि काकूंनी दिलेले ठेपले आणलेत आणि नॅसच्या पंख्याचा आवाज ऐकत बसलात, मला म्हणालात झोप, मी उठवतो. सत्तरीच्या माणसाने जागायचं आणि मी झोपायचं, मला लाज वाटली पण झोपले.

मंगळवारी ३ तारखेला लोकांना दहा-दहाच्या घोळक्याने आत घेतलं, सगळे एकदम आले असते तर डिस्कनेच माना टाकल्या असत्या. पहिली लॉगिन झाली ती हिशोबातल्या सगळ्यात सीनिअर बेनची, आणि तिच्या डेस्कटॉपवर तिच्या नातवाचा फोटो जसाच्या तसा आला. ती काहीच बोलली नाही, नुसता स्क्रीनला हात लावला.

बाकी हिशोब असा की एक्स्टेन्शनवाल्या, म्हणजे मुदत वाढवून घेतलेल्या अमेरिकन पार्टनरशिपची रिटर्न १५ सप्टेंबरची, यंदा रविवार म्हणून १६, ती सगळी वेळेत गेली, आणि १७ ला अनंत चतुर्दशी. तुम्ही तुमच्या घरच्या गणपतीची मूर्ती आणायला यंदा स्वतः जाऊ शकला नाहीत, दिवसभर आमच्याकडे टेस्टिंगला बसलात, हे मला काकूंकडून कळलं. त्यांनी रागावून नाही सांगितलं पण सांगितलं.

नवा स्टोरेज दुसऱ्या मजल्यावर लागलाय, दुसरा डोमेन कंट्रोलर वेगळ्या डिस्कवर, आणि झेरॉक्सचा बॅकअप बंद. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रिकाम्या सर्व्हरवर सगळं उभं करून बघायचं ठरलंय, ५ ऑक्टोबरला पहिली खेप. तुम्ही नुसते खुर्चीत बसायला या, डोळे मिटून चालेल. थर्मास माझ्याकडेच आहे, आईने त्यासोबत द्यायला त्याच वड्या केल्यात, कालनिर्णयच्या मागच्या.

तुमची,
बटणापासून वाचलेली