चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हे आधी सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर आपल्याकडे अधूनमधून चर्चा होते आणि शिक्षणाच्या माध्यमावर तर सदैव होते. परंतु ज्यांची घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि शिवाय ज्यांना ऐकण्याची, बोलण्याची, वाचनाची किंवा आकलनाची अडचण आहे, अशी मुले या दोन्ही चर्चांतून निसटतात. सरकारी शाळांतील विशेष शिक्षिका म्हणून बरीच वर्षे काम केल्यानंतर या मुलांविषयी माझे एक ठाम मत झाले आहे. मुलाच्या सर्व भाषा विचारात न घेता केलेले मूल्यमापन, त्यावर कितीही सह्या-शिक्के असले तरी, ग्राह्य धरू नये.

चित्रे ओळखण्याच्या साध्या चाचणीचेच पाहा. बहुभाषिक मुलाचा शब्दसंग्रह घर आणि शाळा यांच्यात वाटला गेलेला असतो : बादली, उशी, झाडू, नातीगोती आणि दुखणीखुपणी घरच्या भाषेत, तर त्रिकोण, वजाबाकी, नकाशा शाळेच्या भाषेत. परीक्षक बादलीच्या चित्रावर बोट ठेवतात, मूल क्षणाचाही विलंब न लावता घरच्या भाषेतले नाव सांगते आणि तक्त्यात शून्य पडते. केवळ शाळेच्या भाषेत मोजले तर गुण कमी आणि केवळ घरच्या भाषेत मोजले तरी कमीच. मात्र दोन्ही भाषा मिळून मुलाला किती गोष्टी ठाऊक आहेत हे पाहिले, तर तेच मूल अनेकदा समवयस्कांच्या बरोबरीचे निघते.

या चुकीची किंमत काय असते, हे अमेरिकेतील एका प्रकरणात स्पष्ट दिसले. कॅलिफोर्निया राज्यात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात (त्या काळचा हा अधिकृत शब्द) बसवण्यात आले होते. पालक न्यायालयात गेले, मुलांची स्पॅनिशमधून पुन्हा चाचणी झाली आणि त्यांतील बहुतेक मुले त्या वर्गात बसण्यास पात्रच नव्हती, असे आढळले. १९७० मध्ये तडजोड होऊन मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेतही घेण्याचे शिक्षण विभागाने मान्य केले, आणि पुढे १९७५ च्या अमेरिकी कायद्यात मातृभाषेतून मूल्यमापनाची तरतूद आली. दरम्यान १९७४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषिक विद्यार्थ्यांच्या प्रकरणात, तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की ज्यांना शाळेची भाषाच कळत नाही त्यांच्या हाती इतरांसारखीच पुस्तके दिल्याने समान वागणूक दिली असे होत नाही.

याच्या उलट चूक अधिक सौम्य दिसते, आणि म्हणूनच मला ती अधिक घातक वाटते. ‘आधी भाषा येऊ द्या, मग बघू,’ असे सांगून मुलाला थांबवून ठेवले जाते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, नव्या भाषेत बोलणे-चालणे साधारण दोन वर्षांत जमते, पण त्या भाषेत अभ्यास करण्याइतके प्रभुत्व येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. तेवढी वाट पाहायची ठरवली, तर जिला खरोखर वाचन-अक्षमता आहे ती मुलगी प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडेल आणि तोवर तिच्या अडचणीला नावही मिळालेले नसेल.

भाषेचा अपुरा सराव आणि खरी अक्षमता यांतील फरक ओळखणे अवघड असले तरी अशक्य नाही. अडचण घरच्या भाषेतही दिसते का, मूल पहिले शब्द कधी बोलले, भावंडांच्या तुलनेत पालकांना काय जाणवते, आणि एखादी नवी गोष्ट शिकवून पाहिल्यास ती मूल किती लवकर उचलते, या चार प्रश्नांची उत्तरे बरेच काही सांगून जातात. लिपीचाही विचार करावा लागतो. देवनागरीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ बऱ्यापैकी घट्ट असल्याने वाचन-अक्षमता असलेले मूल कित्येकदा शब्द बरोबर वाचते, पण जोडाक्षरापाशी अडखळत, फार सावकाश. इंग्रजीत त्याच मुलाच्या चुकाच चुका दिसतात. केवळ चुका मोजणारी चाचणी देवनागरीत अशा मुलाला सहज निसटू देते. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीसह काही भारतीय भाषांसाठी वाचन-अक्षमतेचा चाचणीसंच विकसित केला, तो याच गरजेतून. अशी साधने हाती असताना परभाषेतील चाचणीचे शब्दशः भाषांतर करून भागवण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

पालकांना सर्रास दिला जाणारा एक सल्ला मात्र तातडीने थांबायला हवा. मूल उशिरा बोलते, स्वमग्न आहे किंवा त्याला डाऊन सिंड्रोम आहे असे कळले की, ‘गोंधळ नको, घरीही शाळेचीच भाषा बोला,’ असे सांगितले जाते. दोन भाषांमुळे अशा मुलांची अडचण वाढते, असे आजवरच्या संशोधनातून दिसलेले नाही. उलट, स्वतःला धड न येणाऱ्या भाषेत आई मुलाशी बोलू लागली की तिचे बोलणे सूचनांपुरते उरते. गोष्टी, थट्टा, रागावणे सगळे आटते, आणि ज्या मुलाला भरपूर भाषा कानावर पडण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच घरात बोलणे कमी होते. न बोलणाऱ्या मुलांच्या संवाद-फलकांत आणि बोलक्या उपकरणांतही पुष्कळदा शाळेचीच भाषा भरलेली असते, म्हणजे मूल शिक्षकांकडे पाणी मागू शकते, आजीकडे नाही. सांकेतिक भाषा वापरणारी कर्णबधिर मुले तर बहुभाषिकच असतात, हेही आपण विसरतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात त्यांच्यासाठी सांकेतिक भाषेच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे.

शाळेच्या वेळापत्रकातही एक खोच आहे. भाषेची जादा तासिका आणि विशेष शिक्षकाची तासिका एकाच वेळी लावली जाते, मग मुलाला कोणत्या तरी एकीवर पाणी सोडावे लागते. वास्तविक या दोन शिक्षकांनी एकत्र बसून ठरवायला हवे की या आठवड्यात मुलाला कोणते शब्द आणि कोणता पाठ द्यायचा. पालकसभेत धाकट्या भावंडाला दुभाषी म्हणून उभे करण्याची पद्धतही बंद व्हावी. स्वतःच्या भावाच्या अपंगत्वाविषयी डॉक्टरांचे मत आईला समजावून सांगणे हे दहा वर्षांच्या मुलीचे काम नव्हे.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. मूल्यमापन अहवालाच्या पहिल्याच पानावर मुलाच्या भाषा कोणत्या, चाचणी कोणत्या भाषेत झाली, परीक्षकांना ती भाषा येत होती का आणि दुभाषी हजर होता का, असे चार रकाने छापावेत. ते रिकामे असतील, तर त्या अहवालाच्या आधारे मुलाचा वर्ग बदलू नये आणि सवलतही नाकारू नये. पालकांनी फेरमूल्यमापन मागितले, तर ते विनाशुल्क व्हावे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त विशेष शिक्षिका