खोली शून्य

प्रिय लंबूस,

सात महिने झाले. पत्र नाही, फोन नाही. शिव्या तयारच असतील, असू देत, आधी हे वाच. गुडघा होता तिथेच आहे, रक्तदाब गोळीचं ऐकतो, हिचं ठीक. झाली प्रकृती.

लिहायला बसलो ते गेल्या रविवारमुळे. घरात कुणाला सांगता येत नाही. आणि थेट रविवारपासून सुरुवात केली तर तू म्हणशील, याला अजून धड सांगता येत नाही. म्हणून मुळापासून.

उन्हाळा लागल्या लागल्या सूनबाईंनी हुकूम सोडला, ‘बाबा, चिऊला पाण्यात खेळता येईल अशी जवळपासची जागा शोधा ना. तुम्हाला वेळ आहे.’ निवृत्त माणसाला वेळ असल्याचं किती गोड शब्दांत ऐकवतात बघ. चिऊ आता पावणेतीन वर्षांची आहे. तिच्यासाठी पाणी शोधायचं काम कुणाला, तर मला! तू तिथे असतास तर टेबलाखालून लाथ घातली असतीस. मी ‘हो’ म्हणालो आणि वही काढली.

हसू नकोस. वहीवरून तू मला शाळेपासून छळतोयस, पण त्या सहलीचा हिशोब अजून तुझ्याच बाजूला अडकलाय आणि तो वहीत आहे म्हणूनच मला माहीत आहे.

तर वहीत पहिला शब्द लिहिला ‘स्प्लॅश पॅड’. तुझ्या मुलीने नातवाला नेलं असेलही, पण तू झोपला असशील. हा तलाव नव्हे, हौदही नव्हे. सपाट फरशी असते. तिच्यातून कारंजी उडतात, खांबांवरून फवारे येतात, वर एक मोठी बादली हळूहळू भरते आणि भरली की पोरांच्या डोक्यावर कलंडते. पडलेलं पाणी जाळीतून खाली निघून जातं, साचत नाही. एका माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘पाण्याची खोली : शून्य’. ते मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं काय त्यात? तुला कळेल त्यात काय ते.

मग शोधमोहीम. नकाशावर ‘वॉटर प्ले’ म्हणून टिंबं पुष्कळ दिसतात, पण टिंब म्हणजे पाणी नव्हे. पहिल्या ठिकाणी पोहोचलो तर फरशी कोरडी ठणठणीत आणि कारंज्यांच्या भोकांत वाळकी पानं. मोसम सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते. चिऊ पोहण्याचा पोशाख घालून त्या फरशीवर उभी, ‘पाणी कुठाय?’ विचारत. दुसऱ्या ठिकाणी स्प्लॅश पॅड म्हणून जे होतं ते सरळ सरळ कमरेइतक्या पाण्याचा हौद होता. गाडीतून उतरलोच नाही. तेव्हापासून शिकलो की जागेचे लोकांनी टाकलेले फोटो बघायचे, त्यातही तारीख बघायची, आणि निघण्याआधी उद्यान विभागाला फोन करून एकच प्रश्न विचारायचा, ‘आज पाणी चालू आहे का?’ काही ठिकाणी खांबाला बटण असतं. ते दाबलं तरच काही मिनिटं पाणी येतं. हे माहीत नसलेले आईबाप ‘बंदच आहे वाटतं’ म्हणत परत जाताना मी स्वतः पाहिले आणि बटण दाबून मोठेपणा मिळवला.

तिसऱ्या ठिकाणच्या माणसाशी फोनवर झालेला संवाद जसाच्या तसा देतो.

‘पाणी पडल्यावर जातं कुठे?’
‘खाली.’
‘खाली म्हणजे?’
‘टाकीत.’
‘मग?’
‘वर.’

हसलास ना? पण गोम तिथेच आहे. काही स्प्लॅश पॅडमधलं पाणी एकदा वापरून सोडून देतात, ते नळाचं पाणी. बाकीच्यांत तेच पाणी टाकीत जातं, गाळलं जातं, त्यात क्लोरिन पडतं आणि ते पुन्हा पोरांच्या तोंडावर उडतं. पन्नास लंगोटांवरून वाहिलेलं पाणी! आणि हवेत तुषार होऊन उडालं, वर ऊन लागलं, की क्लोरिन भराभर संपतं. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक जंतू आहे (हे नाव मी आता न अडखळता म्हणतो, सूनबाई साक्षीला), तो व्यवस्थित क्लोरिन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त जगतो. त्याला मारायला अतिनील किरणांची किंवा ओझोनची यंत्रणा लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तिथल्या स्प्लॅश पॅडमधून पसरलेल्या साथी मोजल्यात. १९९७ ते २०२२ मध्ये ६० साथी, १०,६११ आजारी, आणि त्यातले दहापैकी नऊ या एकाच जंतूचे. मरण एकही नाही. हे शेवटचं मी वहीत अधोरेखित केलं. जुलाब सुरू असलेल्या पोराला तिथे न्यायचंच नाही, पाणी गिळू द्यायचं नाही, कारंज्यावर बसू द्यायचं नाही, आणि पोहण्याच्या डायपरने जंतू अडत नाहीत म्हणून तासातासाने पोराला बाजूला घेऊन तो बदलायचा. अजून एक. जिथे क्लोरिनचा ‘उग्र वास’ येतो ते पाणी स्वच्छ असं आपण समजायचो ना? उलटं आहे. तो वास घाम आणि मूत यांच्याशी क्लोरिन झगडल्याचा असतो.

मी तपासणीच्या पट्ट्या मागवल्या. पाण्यात बुडवायच्या आणि रंग बघायचा. सामू, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क ते सांगणारा आकडा (पीएच), ७ ते ७.८ हवा. एका ठिकाणी मी वाकून पट्टी बुडवत होतो तर रखवालदाराने विचारलं, ‘काका, सरकारकडून का?’ मी नाही म्हणालो नाही.

अशी सात ठिकाणं मी नापास केली. इथे सावली नाही, तिथे फरशी गुळगुळीत, कुठे मोठ्या पोरांचा आणि बाळांचा भाग वेगळा नाही. शेवटी एका रात्री चिरंजीव जेवताना शांतपणे म्हणाले, ‘बाबा, तुम्ही जागा शोधताय की नकार शोधताय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा स्वभाव आईवर गेलाय, नेमकं तिथेच बोट ठेवतो.

म्हणून आठवं ठिकाण पास केलं. नाइलाजाने नव्हे हं, खरंच चांगलं होतं. बाळांचा कोपरा वेगळा, घोट्याएवढे बुडबुडणारे झरे, खरखरीत रबराची जमीन, बाकांवर सावली, तपासणीचे आकडे फळ्यावर लिहिलेले. रविवारी सकाळी उघडल्या उघडल्या गेलो, गर्दी व्हायच्या आत. सूनबाई चिऊबरोबर आत, मी बाकावर. चिऊने आधी अर्धा तास नुसतं बघितलं. मग एक बोट लावलं. मग तळवा. झऱ्यावर तळवा दाबला की पाणी बोटांतून फाकतं, हे तिला कळलं आणि ती असं हसली की मी वही मिटली.

आणि तेवढ्यात तिच्या टाचेमागून मोठं कारंजं उडालं. एकदम, पुरुषभर उंच. सूनबाई हातभर अंतरावर टॉवेल घ्यायला वाकलेली. चिऊ पाण्याच्या पडद्यामागे गेली. दिसेना. आवाज नाही. लंबू, आवाज नाही. बुडणारं माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही, हे आता सगळीकडे छापून येतं. तू आणि मी ते छापायच्या आधी शिकलोय.

मी धावलो. कातडी चपला घालून, चष्म्यासकट. खोली शून्य असलेल्या पाण्यात मी उडी मारली म्हण ना. तिला उचललं, आणि तिला वर धरून स्वतः पाठीवर आपटलो. तिला खरचटलंसुद्धा नाही. ती आधी रडत नव्हती रे. सूनबाई सांगते, कारंजं उडालं तेव्हा ती नुसती दचकली होती आणि हे हसायचं की रडायचं ते विचारायला माझ्याकडे बघत होती. तिने माझं तोंड बघितलं. मग ती जी किंचाळली!

पण हेही नाही. धावताना मी हाक मारली. सगळ्यांनी ऐकली. चिऊचं नाव नव्हतं ते. कुणाचं होतं, तुला लिहायला नको.

घरी येताना गाडीत चिरंजिवांनी विचारलं, ‘बाबा, हा कोण?’ मी म्हणालो, शाळेतला एक. तो म्हणाला, ‘कधी बोलला नाहीत.’ मी खिडकीबाहेर बघत बसलो. ४७ वर्षांत मी ते नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. हिच्याजवळही नाही. तू घेतलंयस का? वहिनींना माहीत आहे का? आपण एकमेकांना किती गोष्टींवरून टोचलं, ट्यूब कुणी फोडली, पहिला पाण्यात कोण जाणार होता, पण त्याचं नाव मधे येऊ दिलं नाही. ट्यूब होती तोवर तर तिघेही तिच्याच काठाला धरून होतो.

आता खरी चिंता. चिऊ पाण्याला ‘चावतं’ म्हणते. अंघोळीला शॉवर सुरू केला की माझ्याकडे बघते, आईकडे नाही. माझी भीती मी ४७ वर्षं सांभाळून ठेवली, कुणाला उष्टीसुद्धा दिली नाही, आणि एका मिनिटात त्या पोरीच्या हवाली केली. सात जागांचं पाणी तपासलं, जंतूचं नाव पाठ केलं, आणि तिला लागण झाली ती माझी.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जबरदस्ती नको, थोड्या पाण्यापासून सुरुवात करा. म्हणून रोज दुपारी गच्चीत एक पसरट घमेलं, त्यात दोन बोटं पाणी, एक मग, एक स्पंज, एक गाळणं. मी शेजारी पाटावर, हातभरही लांब नाही, आणि खेळ संपला की घमेलं लगेच उपडं करतो. दोन बोटं पाणीही लहान पोराला पुरतं, हे तुला सांगायला नको. पहिले दोन दिवस ती लांबूनच स्पंज टाकायची. काल घमेल्याजवळ आली, पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘आधी तू.’

मी हात घातला. मनगटापर्यंत. पाणी कोमट होतं. तिने माझ्या हातावर मगाने पाणी ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पाऊण तास. माझी बोटं सुरकुतली, तिचं मन भरेना.

तर विचारायचं ते हे. मुलाला सगळं सांगू का? गोष्ट एकट्याची नाही, निम्मी तुझी आहे, म्हणून तुझं उत्तर येईपर्यंत तोंड उघडत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच जायचं ठरलंय, आणि या वेळी चप्पल बाहेर काढून मी आत बसणार आहे, त्या घोट्याएवढ्या झऱ्यापाशी. तो विचारेल. आपण तेव्हा शपथ घेतली ती बारा वर्षांची पोरं होतो म्हणून. तिला मुदत होती की नाही, मला आठवत नाही. तुझी स्मरणशक्ती चांगली, असं तूच सांगतोस.

तुझं घर विकायचं झालं का? मुलीची बदली? मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचंही उरकून घे, उगीच ताणू नकोस. बागेतला तो आळशी माळी अजून ठेवलायस ना, मला माहीत आहे. वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

फोन करू नकोस. फोनवर मला बोलता येणार नाही. लिही.

तुझाच,
वहीवाला

ता. क. खिळा तुझ्या दप्तराचा होता, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. तो माझ्या सायकलचा असणार. मडगार्डचा एक त्या आठवड्यात निखळला होता. मला तेव्हाच माहीत होतं.