लॅबचा हिरा लाभतो का?

अँटवर्प, १२ जानेवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणालीस तेव्हाच कळलं की रागावली आहेस. म्हणून पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू ते पुण्याला मावशीला पाठवलं असतंस आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गोतावळ्यात फिरलं असतं.

मंदारच्या साखरपुड्याची अंगठी मी घेतली आणि हिरा लॅबचा घेतला. तुझं म्हणणं, मुलगी हिऱ्यांच्या गावात राहते आणि भावजयीला खोटा खडा आणते. गाव हिऱ्यांचं आहे हे खरं. स्टेशनाला लागूनच ती गल्ली. बाहेरून अगदी साधी, पण आत पालनपूरच्या जैनांच्या पेढ्या, आणि पाऊस-बर्फात कानावर "केम छो". बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढल्याचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. गुजरातीत भाव विचारला की माणूस हातातलं भिंग खाली ठेवून बोलायला लागतो.

अशाच एका काकांनी माझ्यापुढे दोन हिरे ठेवले. एक खाणीतला, एक सीव्हीडी, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला. मला काही ओळखू येईना. त्यांनी पेनसारखं यंत्र टेकवलं, दोन्हींवर वाजलं. ते फक्त उष्णता कशी वाहते तेवढं बघतं, आणि कार्बन दोन्हीकडे तोच. आपण लग्नात मिरवतो तो अमेरिकन डायमंड वेगळा, त्यात हिऱ्याचा अंशही नसतो. सीव्हीडीत हिऱ्याचीच पातळ चकती बंद पेटीत ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, आठशे-हजार अंशांपर्यंत तापवतात. काही आठवडे कार्बनचा थरावर थर बसत जातो. तुझ्या भाषेत, विरजण लावतात. आता घरी लावलेल्या दह्याला तू कधी खोटं दही म्हणालीस का?

बाबांना सांग, गोवळकोंड्याच्या ज्या नामांकित हिऱ्यांच्या पाण्याचं ते कौतुक करतात, त्यांच्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो. सीव्हीडीतही तसंच. शास्त्रात दोघांचा वर्ग एकच. आणि ते गायकवाडांच्या 'स्टार ऑफ द साऊथ' हिऱ्याची गोष्ट सांगतात ना, तो १८५३ साली ब्राझीलच्या खाणीत एका गुलाम बाईला सापडला होता. हा भाग बाबा गाळतात. अर्थात लॅब म्हणजे काही तीर्थक्षेत्र नव्हे, तिथली यंत्रं मरणाची वीज खातात.

आजी म्हणेल, हिरा लाभावा लागतो. लॅबचा हिरा लाभतो का, हे ती जोशीबुवांना विचारेल. विचारू दे.

मला तुझ्याशी बोलायचंय ते मोत्यांबद्दल. आपल्याकडे मोती म्हणजे बसरा. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमारास मदिनेसाठी जो मोत्यांचा गालिचा करवला, त्यातले मोती आखातातलेच. मग १८९३ साली जपानात मिकिमोटोने शिंपल्यात मोती पिकवून दाखवले आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत आखातातल्या पाणबुड्यांचा धंदा बसला. तुझ्या लग्नातली नथ पुण्याहून आणलेली, तिच्यातले मोती कल्चरचे, म्हणजे असेच पिकवलेले. तन्मणीतले पण. खोटी नथ घातली असं तुला कोणी म्हणालं? मावशीसुद्धा नाही, आणि मावशी काय काय बोलू शकते ते तुला माहीत आहे.

आणि आजीच्या कुड्या. गेल्या दिवाळीत आपण त्या घडियाळी पोळात पॉलिशला नेल्या, सोनाराने भिंगातून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बेन, माणेक कारखानानां छे." आत रेषा वळलेल्या दिसत होत्या, खाणीतल्या माणकात त्या सरळ असतात. मी नंतर वाचलं, व्हर्न्यूय नावाच्या फ्रेंच माणसाने भट्टीत माणिक करायची रीत १९०२ साली जाहीर केली, म्हणजे आजीच्या लग्नाच्या कितीतरी आधी. कोणी फसवलं की तेव्हा हेच मिळायचं, आता कोण सांगणार? तू रिक्षात माझा हात दाबून म्हणालीस, "आजीला सांगू नकोस." साठ वर्षं तिने त्या घातल्या, गौरीला घातल्या. तेव्हा तुला त्या खोट्या वाटल्या नव्हत्या, आजीचं मन मोडेल एवढंच वाटलं होतं.

एक बाब मात्र तुझी शंभर टक्के बरोबर. काकांनीच सांगून टाकलं, "बेटा, काले पाछो लावीश तो हुं नहीं लउं." उद्या परत आणलास तर मी घेणार नाही, म्हणे. खाणीतल्याच्या दहाव्या हिश्श्यात मिळाला, आणि हा भाव अजून उतरेल. अडीनडीला मोडायची वस्तू नाही ही. म्हणून उरलेल्या पैशांतून दोन पाटल्या करायच्या ठरल्यात, त्या बडोद्यातच कर, तुझ्या सोनाराकडे. हे मंदारच्या नवरीनेच सुचवलं. तिला पहिल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. तुला सगळ्यांच्या शेवटी कळलं, त्याचा राग असेल तर तो मला मान्य आहे.

हिऱ्याच्या कडेवर बारीक अक्षरांत 'लॅबमध्ये वाढवलेला' असं लेसरने कोरलंय, इंग्रजीत. भिंगाशिवाय दिसत नाही. तरी मावशीने विचारलं तर खाणीतला म्हणून सांगू नकोस.

कुड्यांतली माणकं बदलून खरी बसवायची असं तू म्हणत होतीस. नको बदलूस. त्या मला हव्यात, आहेत तशाच.

तुझी,
नंदू

ता. क. अंगठी घेऊन मार्चमध्ये येते. लीलो चिवडा आणून ठेव, आणि या वेळी डबा बाबांपासून लपव.