पाटीवरचं माझं नाव

लुडविग्सबुर्ग, जर्मनी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजू,

चार महिने झाले. तुझे तीन व्हॉइस मेसेज, तुझ्या ईराला जर्मनीला पाठवू म्हणणाऱ्या त्या एजंटाच्या पत्रकाचा फोटो, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे दोन मिस्ड कॉल. सगळं ऐकलंय, बघितलंय, आणि एकालाही उत्तर दिलेलं नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. नसतील तर आधी दे, मी थांबते.

तब्येती ठीक. निखिलचं बीपी गोळीवर आहे. ओवीची उंची माझ्या खांद्याला लागली. माझी कंबर तुझ्या व्यायामांवर चाललीय.

बुधवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून बसले लिहायला.

माझ्याकडे एक आजी येते, ७८ वर्षांची, एकटी राहणारी. फ्रोझन शोल्डर. डॉक्टरनी लिहून दिलेल्या सहा बैठका संपल्या, मग आणखी सहा मिळाल्या. इथे एका पेशंटला वीस मिनिटं. त्यातच तिने कोट काढायचा, मी हात लावायचा, तिने कोट घालायचा आणि मी नोंद लिहायची. पहिल्या दिवशी तिचा हात कानापर्यंतही जात नव्हता. केसांना पिन शेजारीण लावून द्यायची. बुधवारी शेवटची बैठक होती. ती खुर्चीवर बसली, डोक्यामागची पिन स्वतः काढली, माझ्याकडे बघितलं आणि त्याच हाताने परत लावली. सावकाश, ओठ दाबून, पण लावली. मग म्हणाली, "तुमच्या हाताला कळतं." अगं, ही इकडची श्वाबियन माणसं! रागावलो नाही म्हणजे कौतुक झालंच, अशी यांची म्हण आहे. आणि ही बाई हे बोलली.

मला आपली हळदीच्या वखारीतली आजी आठवली. मिरजेला इंटर्नशिपला, तीन नंबरच्या बेडवरची. तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने डोक्यावर पदर घेतला तेव्हा तू आणि मी जिन्यात जाऊन रडलो होतो आणि पाटील सिस्टरनी दोघींना झापलं होतं. बुधवारी मी औषधांच्या कपाटामागे उभी राहून तशीच रडले. फक्त झापायला कुणी नव्हतं.

मंजू, सात वर्षांनी मला परत फिजिओथेरपिस्ट झाल्यासारखं वाटलं.

आणि त्याच संध्याकाळी निखिलने जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला.

त्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत, हे उन्हाळ्यापासून चाललंय. स्टुटगार्टच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग करणारे सगळेच हलले आहेत. सरळ काढता येत नाही म्हणून आपसात करार संपवल्याचा कागद पुढे करतात. आउफहेबुंग्सफरट्राग म्हणतात त्याला. हा शब्द मी आता झोपेतही म्हणू शकते. त्याला कामाच्या प्रत्येक वर्षामागे एक पगार देताहेत, १५ डिसेंबरच्या आत सही केली तर वर थोडे जास्त. पण आपण होऊन सही केली की बेकारभत्ता बारा आठवडे अडकू शकतो. त्यानंतर, घरात मूल असल्यामुळे, हातात येणाऱ्या पगाराच्या ६७ टक्के, पण नऊच महिने, कारण अडकलेला काळ वर्षातून वजा होतो. वाईट नाही म्हणशील. कागदावर नाहीच.

त्याला लागलंय ते वेगळंच. त्याचं काम बंद होत नाहीये, ते पुण्याला चाललंय. हिंजवडीच्या ऑफिसातल्या पोरांना गेलं वर्षभर यानेच टीम्सवर शिकवलं. रोज सकाळी साडेसातला बसायचा, कधी आवाज चढवला नाही. त्यातला एक जण दिवाळीला "सर, तुमच्यामुळे प्रमोशन झालं" म्हणाला. निखिलने त्याचं मनापासून अभिनंदन केलं आणि मग बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला, पाच अंशांत, स्वेटरशिवाय.

ऑफिसात त्याचं इंग्रजीवर भागत आलं, म्हणून जर्मन बी-वनला, म्हणजे मधल्या पातळीला, अडकलं. आता ज्या जाहिराती दिसतात त्या सगळ्या दोन पायऱ्या वरचं सी-वन मागतात. वय ४४. तो म्हणतो, "चल, परत जाऊ. कोथरूडचं घर आहे, आई-बाबा आहेत, ओवी अजून लहान आहे."

म्हणजे तो तेच म्हणतोय जे मी तुला २०१८ च्या फेब्रुवारीत, सांगली स्टेशनवर, तुझ्या हातातलं भडंगाचं पुडकं घेताना म्हणाले होते. दोन वर्षांत परत येते. आपल्या क्लिनिकच्या पाटीवर माझं नाव राहू दे.

आणि आता मी गप्प आहे.

कारण कागदांची ती सहा वर्षं तुला ठाऊक आहेत. आधी बेकरीतला मिनिजॉब, म्हणजे थोड्या तासांचं काम, महिन्याला ४५० युरो, पहाटे साडेपाचला ब्रेझेलच्या परातींपाशी. गिऱ्हाईक म्हणायचं "दोन", मी द्यायची तीन, कारण कानाला श्वाबियन बोली कळायची नाही. मग बी-टू. मग अर्ज. मग ती चिठ्ठी, की साडेचार वर्षांची पदवी इथल्या तीन वर्षांच्या कोर्सशी जुळत नाही, अमुक विषयाचे तास कमी, तमुक विषयाचे तास दिसत नाहीत. तेव्हा तू कॉलेजात चार खेपा घातल्यास, तासांच्या तक्त्यावर सही-शिक्का आणलास, आणि क्लार्कशी भांडलीस तेही मला नंतर बंड्याकडून कळलं. त्याचं पानापानाचं भाषांतर, मग दहा महिने एका हॉस्पिटलात परत विद्यार्थिनी. तुझ्या-माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुली मला पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवत होत्या. वळवलं. २०२४ च्या जूनमध्ये परवाना हातात आला, त्याचा फोटो पहिल्यांदा तुला पाठवला होता, निखिललाही नंतर. आज माझ्याकडे कायमची नोकरी आहे. आजारी पडले तर सहा आठवडे पूर्ण पगार, ओवी तापली तर हक्काची रजा. कुणाला काकुळतीला येऊन सांगावं लागत नाही. मिरजेला ओवीच्या वेळी सातव्या महिन्यात मी ट्रॅक्शनचं टेबल ढकलत होते, आठवतं? तू ओरडली होतीस.

पगार थोडा आहे. निखिल तीन नंबरच्या करवर्गात, मी पाचमध्ये, त्यामुळे माझ्या पावतीवर कापूनच जास्त दिसतं. वर्ग बदलले तर बरं होईल म्हणतात, तरी माझ्या एकटीवर भाडं आणि किराणा निघेल, पुढे काही नाही. गेले चार दिवस मी रात्री हाच हिशेब करतेय. वहीत दोन रकाने केले होते, इथलं आणि तिथलं. आईच्या नावापाशी अडकले आणि वही मिटली.

एप्रिल २०२१. तू पीपीई घालून उभी होतीस आणि मी इथे या टेबलावर मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून बघत होते. हे कुठल्या रकान्यात लिहू? सोमवार ते शुक्रवार रस्ता ओलांडून पोरगी एकटी शाळेत जाते, तीन मैत्रिणींबरोबर, आणि मला धाकधूक होत नाही, हे एका बाजूला. आईला शेवटचं पाणी तू पाजलंस, हे दुसऱ्या बाजूला. यांची वजाबाकी होत नाही गं.

आणि २०१९ चा ऑगस्ट. ते भांडण आपण कधी मिटवलंच नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, गावभागातलं आपलं क्लिनिक छातीएवढ्या पाण्यात, आणि मी तुला फोन करून विचारलं, "अल्ट्रासाउंडचं मशीन वर ठेवलंस का?" तू म्हणालीस, "तू व्हिडिओवर पाणी बघ, मला बोटीत चढायचंय." सहा महिने बोलली नाहीस. बरोबर होतं तुझं. मशीनचं विचारायला नको होतं, तुझं विचारायला हवं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

घड्याळही लागलंय. आमचा कायमच्या वास्तव्याचा परवाना युरोपियन युनियनवाला आहे, पण युनियन सोडून सलग बारा महिने झाले की तो संपतो. निखिल म्हणतो, "वर्षभर जाऊन बघू, नाही जमलं तर परत येऊ." असं वर्षभर जाऊन बघणारे मी पाहिलेत. अकराव्या महिन्यात मुलाची शाळा लागलेली असते, घराचा हप्ता सुरू झालेला असतो. नागरिकत्व घेतलं तर ती टांगती तलवार जाईल. २०२४ पासून पाच वर्षांत अर्ज करता येतो, आम्हाला पावणेआठ झाली, फॉर्म कपाटात पडून आहे. जर्मनी आता दोन पासपोर्ट चालवून घेते, पण आपलं सरकार नाही. भारताचा परत करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यावं लागेल. अप्पांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "मग तासगावच्या सातबाऱ्याचं काय?" मी म्हटलं, वारसाने येईल, नवीन शेत तेवढं विकत घेता येणार नाही. ते म्हणाले, "म्हणजे द्राक्षं तुझी आणि तू बाहेरची." रागाने नाही म्हणाले. औषध फवारायचं होतं म्हणून फोन ठेवला.

ओवीचं म्हणशील तर चौथीत आहे. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात, कोण विद्यापीठाच्या वाटेच्या गिम्नाझियुमला, कोण कामधंद्याच्या वाटेच्या रेआलशुलेला. दहा वर्षांच्या पोराचं काय ठरवता रे, असं मला दर पालकसभेत ओरडावंसं वाटतं. पण तिला आत्ता उचलून पुण्यात नेलं तर मराठी लिहिता येत नाही, हिंदी ओ की ठो नाही. परवा जिन्यात केर काढत होतो. आमची केरवोखे होती, म्हणजे झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. मी सहज विचारलं, पुण्याला राहायला आवडेल का. ती झाडू थांबवून म्हणाली, "आजीकडे? कितने दिवस?" हिंदी कुठून आली देव जाणे, मालिका बघते वाटतं माझ्या मोबाइलवर. म्हणजे ओ की ठो तरी आलं. मग स्वतःच म्हणाली, "पण पाटी पुढच्यांच्या दाराला लावायची राहील." लावली तिने. खालच्या आजोबांनी दार उघडून तिला चॉकलेट दिलं. सात वर्षांत मला त्यांनी फक्त बाटल्या रविवारी काचेच्या टाकीत टाकू नका, एवढंच सांगितलंय.

निखिलला मी अजून काहीच बोललेले नाही. सात वर्षं मी त्याच्या नोकरीच्या मागे आले, हे तो विसरलेला नाही. त्यामुळेच तर मला मागायला जड जातंय. त्याने सही करू नये, आधी कागद वकिलाला दाखवावा, सहा महिने जर्मन शिकावं, घर मी ओढते, असं म्हणायचंय. त्याचा चेहरा बघितला की तोंडातून शब्द निघत नाही. तो वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

तुला मात्र सांगते, कारण तुला आधी सांगायचं होतं. मला परत यायचं नाहीये. पुढे कधी, ते माहीत नाही. आत्ता नाही. इथलं आकाश नोव्हेंबरात खरकट्या ताटासारखं असतं, पाचला अंधार, तरी नाही. त्या आजीची पिन बघितल्यावर तर नाहीच.

ईराबद्दल घाईघाईत लिहिते, पण नीट वाच. एजंटाला एक पैसा देऊ नकोस. नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे पगारी प्रशिक्षणाला, फी नसते, उलट पहिल्या वर्षी कापण्याआधी तेराशे-चौदाशे युरो मिळतात. हॉस्पिटलं स्वतःच्या वेबसाइटवर जागा काढतात, थेट अर्ज करता येतो. तो लाखांत सांगतोय ते फक्त फॉर्म भरायचे. बी-वनवर निघू नकोस म्हणावं, बी-टू करूनच यायचं. वॉर्डात म्हातारी माणसं पुस्तकातलं जर्मन बोलत नाहीत. काम अंग मोडणारं आहे, रात्रपाळ्या आहेत, माणसांना आंघोळ घालावी लागते. हे तिला मी स्वतः सांगेन, तू सांगितलंस तर तिला वाटेल आई अडवतेय. आली तर पहिला महिना आमच्याकडे. तुझ्या दिरांच्या कोर्टाचं काय झालं? आणि हॉलची फरशी बदललीस ती फोटोत छान दिसतेय, पण पेशंट घसरतील, मॅट टाक.

पाटीवरचं माझं नाव काढ. पुरानंतर नवीन पाटी केलीस तेव्हाही ठेवलंस, हे मला बंड्याच्या स्टेटसवर दिसलं होतं आणि मी काही बोलले नाही. सात वर्षं तू एकटीने चालवलंस. तुझं एकटीचं, मोठ्या अक्षरात.

गुरुवारी दुपारी मला सुट्टी आहे. तीनला फोन करते, तुझे साडेसात. शेवटचा पेशंट सातलाच उरक.

तुझी,
रेवा

ता. क. तासगावला गेलीस तर अप्पांचे गुडघे बघ. फोनवर व्यायाम केले म्हणतात, करत नाहीत.