चि. मुग्धास, ओंकारजवळ बसण्याआधी

पुणे, 16 फेब्रुवारी 2025

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू पोचलीस की आयसीयूत ओंकारजवळ दिवसा तू, रात्री बाबा. सायलीला मात्र सक्तीने घरी झोपायला पाठवायचं. ती 'मी ठीक आहे' म्हणेल, तू ऐकू नकोस.

फोनवर तू रोज विचारतेस, 'ओंकार सुधारतोय का?' पुढचे कित्येक दिवस याला 'नाही, पण बिघडतही नाही' एवढंच उत्तर मिळेल, आणि ते चांगलं उत्तर आहे. त्याचा हा जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, दोन ते चार आठवडे चढतो, थांबतो, मग उतरतो. उतरायला महिने लागतात. आपल्याच प्रतिकारशक्तीने नसांवरचं आवरण सोललंय, वायरीवरचं प्लास्टिक निघावं तसं. ते पुन्हा चढायला आठवडे जातात. आतली तारही तुटली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणून खांदे आधी आणि पावलं सगळ्यात शेवटी. तोवर नवीन काही बिघडू द्यायचं नाही, हे आपलं काम.

इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडींच्या औषधाचा, कोर्स पूर्ण झालाय. दिवसाला किलोमागे 0.4 ग्रॅम, म्हणजे त्याच्या 62 किलोंना रोज 25 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या पाच बाटल्या, असे पाच दिवस. काका येतील आणि म्हणतील, 'फरक नाही तर अजून एक कोर्स द्या ना!' सरसकट दुसरा कोर्स देऊन पाहण्याची चाचणी नेदरलँड्समध्ये झाली, 2021 मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे त्रास जास्त. लगेच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलायला गेलं तर दिलेलं औषधच धुऊन निघतं. आणि स्टेरॉइड या आजारात चालत नाहीत. फक्त एक गोष्ट डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायची: आधी हात थोडा उचलायला लागला आणि मग पुन्हा गळाला, असं दिसलं तर. थोड्या पेशंटमध्ये असं होतं आणि तेव्हा औषध पुन्हा देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो पूर्ण शुद्धीत आहे. गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे छेद देऊन श्वासासाठी बसवलेली, नळी आहे म्हणून आवाज नाही, चेहरा दोन्ही बाजूंनी लुळा आहे म्हणून हसू-रडू दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, याला काही कळत नाही. सगळं कळतं. बिल, 'केव्हा चालेल', शेजारच्या बेडवर कोण गेलं, यातलं काही त्याच्या उशाशी बोलायचं नाही.

'हो म्हणायचं तर डोळे मिटव' असं नवीन सिस्टर सांगतात, ते त्याला जमत नाही. पापण्याच मिटत नाहीत. वर बघितलं की हो, बाजूला बघितलं की नाही, असं ठरवलंय. आधी ठरलेल्या क्रमाने विचार: कफ, पाठ, पाय, डोळे, थंडी, उकाडा. यात नसेल तर पुठ्ठ्यावरची वर्णमाला घे. एका ओळीत एक वर्ग लिहिलाय. ओळीवर बोट ठेव, तो वर बघेपर्यंत खाली सरक, मग त्या ओळीतलं अक्षर शोध. काना-मात्रा विचारत बसू नकोस, तो थकतो. 'प-ठ-ख-ज' एवढ्यावर 'पाठ खाजतेय' कळतं. शब्द मधेच ओळखलास तरी त्याला विचारून पक्का कर, नाहीतर तो चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे. जिभेने 'टच्' असा आवाज काढता येतो, तीच त्याची बेल. रात्री त्याला भिंतीवर माणसं दिसतात. या आजारात आयसीयूमध्ये असे भास बऱ्याच जणांना होतात, डोकं फिरलेलं नाही. सकाळी गेल्या गेल्या वार, तारीख, वेळ सांग आणि चष्मा लाव.

दिवसा काही तास व्हेंटिलेटर काढून टी-पीसवर ठेवतात, म्हणजे गळ्यातल्या नळीला T आकाराचा तुकडा लावून त्याला स्वतः श्वास घ्यायला लावतात. तेव्हा मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे नुसतं टक लावून बसू नकोस. नळीतून ऑक्सिजन चालू असतो, त्यामुळे स्नायू दमले तरी आकडा 98 दाखवतो. आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. तू माणसाकडे बघ. मिनिटाला श्वास 30 च्या वर गेले, कपाळावर घाम आला, मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले, छाती वर येताना पोट आत गेलं, यातलं एकही दिसलं तर सिस्टरना हाक मार. नळीत घरघर झाली तरी हाकच मारायची. सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, करताना या पेशंटची नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून ते आपण कधीच करायचं नाही. बीपीही वर-खाली उड्या मारतं. पलंगाची डोक्याकडची बाजू वर घ्यायची तर टप्प्याटप्प्याने.

दर दोन तासांनी कूस: डावी, पाठ, उजवी. एअर बेड आहे म्हणून कूस चुकवायची नाही. माकडहाडावर आणि टाचांवर लाली बघ, बोटाने दाब. पांढरी झाली नाही तर सांग, आणि तिथे चोळू नकोस, आतली कातडी फाटते. उचलताना काखेत हात घालून ओढायचं नाही, लुळा खांदा निखळतो. पाऊल स्प्लिंटमध्ये काटकोनात, नाहीतर पुढे चालायच्या वेळी बोटं जमिनीला घासतात. डोळ्यांत दिवसा दर तासाला थेंब, रात्री मलम आणि पापण्यांवर मायक्रोपोरची चिकटपट्टी. चादरीचा भारसुद्धा त्याला दुखतो, हे नाटक नाही, नसांचं दुखणं आहे. त्याचं औषध चालू आहे, तरी दुखलं तर डॉक्टर राउंडला आले की बोल. एकच पोटरी सुजली तर ताबडतोब सांग.

व्यायाम फिजिओथेरपिस्ट घेतील तेवढाच. 'जोर लाव, जोर लाव' नको. अति केलं की दुसऱ्या दिवशी जास्त गळतो.

तोंडातून थेंबभर पाणीही नाही. गिळता येत नाही, ते फुफ्फुसात जातं. आत्या तीर्थ घेऊन येणार आहे. अंगारा कपाळाला लाव, तीर्थ नको. तिला बाहेरच गाठून सांग. नाकातल्या नळीने फीड सिस्टर देतात, पण नीट बघून ठेव, घरी कदाचित आपल्यावरच येईल. डोकं 30 ते 45 अंश वर, सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपोआप उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. पेज गाळलेली, गोळी पीठ होईपर्यंत कुटलेली. शेवटी पाणी, नाहीतर नळी तुंबते.

पैशांचं बाबा बघताहेत. तू रोज संध्याकाळी चालू बिल मागून फोटो पाठव; मंजूर रक्कम संपायच्या आत वाढीव मागणी टीपीएकडे, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीकडे, जायला हवी. पॉलिसी कमी पडली तर सरकारच्या महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसांना, आरोग्यमित्रांना, भेट, रेशनकार्डाची प्रत निळ्या फाइलमध्ये आहे.

धायरीच्या घरी पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नकोस, दातही त्याच पाण्याने घास. किरकटवाडी, नांदेड गाव, सगळा पट्टाच जीबीएसच्या या साथीत सापडलाय, आणि एनआयव्हीला, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर मिळाला. हा पोट बिघडवणारा जिवाणू, त्याच्यामागून जीबीएस होऊ शकतो. चिकन सिंकमध्ये धुवायचं नाही, शिंतोडे सगळीकडे उडतात. जीबीएस स्वतः एकाचा दुसऱ्याला लागत नाही, सोसायटीत कुणी विचारलं तर ठणकावून सांग.

येताना नखं कापून ये. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरीच ठेव, आणि त्याला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत धू.

तुझी
आई