मंजिरीस पत्र : पहाटेच्या झोपेविषयी

प्रिय मंजिरी,

सप्रेम नमस्कार.

तुझी पत्रे पोहोचली. प्रकृती ठीक आहे, पाठीचे दुखणे होते तसेच आहे आणि आईचा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. एवढे सांगून सरळ मुद्द्यावर येते, कारण गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत एक प्रसंग घडला आणि तो सांगायला मला तुझ्याखेरीज दुसरे माणूस नाही. सुहासला सांगितले तर तो त्याच संध्याकाळी झोपेच्या डॉक्टरांची वेळ ठरवून मोकळा होईल, आणि वंदनाला सांगितले तर ती पुढचे वर्षभर चारचौघांत “काल कुठे उडून आलीस?” असे विचारत राहील.

सकाळच्या पाळीत एका रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम ६.८ आले, म्हणजे धोक्याइतके जास्त. नमुन्यात रक्तपेशी फुटलेल्या नव्हत्या, कंट्रोल (यंत्र तपासायचे ठरावीक नमुने) बरोबर होते, पुन्हा चालवून पाहिले तरी आकडा तोच. पुढे काय करायचे हे तुला सांगायला नको: अहवालाची वाट न पाहता वॉर्डात फोन, फोन घेणाऱ्याचे नाव, त्यांच्याकडून आकडा परत वदवून घेणे आणि वेळेसह नोंदवहीत टीप. हे सारे करून मी पुढच्या नमुन्यांकडे वळले. काही वेळाने, हात कामात असताना, एकाएकी मनात आले की तो फोन मी आत्ता केला, की पहाटे स्वप्नात केला? कारण त्याच पहाटे आपल्या जुन्या छंदासाठी, म्हणजे ज्यात स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळते त्या सजग स्वप्नांसाठी (ल्युसिड ड्रीम), गजर लावून उठून, पुन्हा झोपून मी स्वप्न पाहिले होते, आणि त्यात मी उठले, आवरले, कामावर पोहोचले आणि वॉर्डात फोन करून कुणाला तरी एक आकडा सांगितला. खोटी जाग म्हणतात ती हीच. अशा स्वप्नात मन नेहमीचा सकाळचा क्रम इतक्या हुबेहूब मांडते की शंका घ्यायला जागाच राहत नाही.

नोंदवही उघडली. माझेच अक्षर, सिस्टरांचे नाव, वेळ, सगळे जागच्या जागी होते आणि रुग्णावर उपचारही सुरू झाले होते. कुठेही काही अडले नव्हते. तरीही खुर्चीपासून नोंदवहीपर्यंतच्या त्या चार पावलांत मला माझ्याच आठवणीचा भरवसा वाटत नव्हता, आणि ती भावना अजून पुरती गेलेली नाही.

तुला वाटेल की हा निव्वळ थकवा आहे. मलाही आधी तसेच वाटले होते. मग मी नीट विचार केला आणि माझ्या लक्षात आले की थकवा हा यातला सोपा भाग आहे. बहुतेक माणसे स्वप्न पडल्यावर काही मिनिटांत ते विसरतात. रेम झोपेत, म्हणजे डोळे पापण्यांआड हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात त्या टप्प्यात, मेंदूतले नॉरॲड्रेनलिन हे रसायन जवळपास थांबलेले असते आणि त्यामुळे आठवण पक्की होत नाही, हे त्याचे एक कारण मानले जाते. हे विसरणे आपल्या फार उपयोगाचे आहे. घडलेले आणि न घडलेले एकमेकांत मिसळत नाही, याचे बरेचसे श्रेय त्यालाच आहे. आणि आपला छंद सुरू कुठून होतो? जाग आल्यावर अंग न हलवता पडून राहायचे, स्वप्न शेवटाकडून सुरुवातीकडे आठवायचे आणि ताबडतोब वहीत उतरवायचे. म्हणजे निसर्गाने घातलेले कुंपण आपण पहिल्याच धड्यात काढून टाकतो. वसतिगृहात असताना आपल्याला याचे केवढे कौतुक होते! तेव्हा कुणाचे पोटॅशियम आपल्यावर अवलंबून नव्हते.

दुसरा भाग तासांचा आहे. झोपेचे आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते हे आपण दोघींनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले होते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात जास्त असते आणि रेम झोपेचा काळ प्रत्येक आवर्तनागणिक लांबत जातो, म्हणून सर्वांत लांब आणि सर्वांत रंगलेली स्वप्ने पहाटे पडतात. माझी सकाळची पाळी सातला सुरू होते. म्हणजे छंदाला जे दोन तास हवेत, नेमके तेच दोन तास नोकरीने आधीच अर्धे कापलेले आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यात मी गजर लावून उठते, अर्धा तास दिव्याखाली वाचत बसते आणि पुन्हा झोपायला जाते. साडेदहाला अंथरुणावर पडले आणि साडेपाचला उठले तर प्रौढ माणसाला किमान लागणारे सात तास जेमतेम भरतात. त्यातून अर्धा तास आणि पुन्हा झोप लागेपर्यंतचा वेळ वजा केला की काय उरते ते तूच पाहा.

इथे तुझे जुने वाक्य आठवते. “तू झोपेतून चोरी करतेस,” असे तू म्हणाली होतीस आणि मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. मंजू, ते वाक्य मला आजही पूर्ण मान्य नाही. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत जातो, त्यातला थोडासा तरी डोळसपणे जगावा, ही इच्छा मला चोरीची वाटत नाही. पण ती कोणत्या रात्री पुरी करायची, हा प्रश्न तू तेव्हा विचारला असतास तर भांडण टळले असते.

भांडणावरून आठवले. सजग स्वप्न प्रयोगशाळेत पहिल्यांदा कुणी टिपले, हर्न की लाबर्ज, हा आपला वाद नंदूने चुकीचा निकाल देऊन मिटवला होता, तो मी आज पुन्हा उघडते. एप्रिल १९७५ मध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांनी सजग स्वप्नात असताना डोळ्यांनी ठरवून केलेल्या हालचाली झोपेच्या आलेखावर टिपल्या. लाबर्ज यांचे स्टॅनफर्डमधले काम त्यानंतरचे. लाबर्ज यांनी ही गोष्ट जगापर्यंत पोहोचवली, त्यांची पद्धत आपण शिकलो, हे सगळे मान्य. पण पहिली नोंद हर्न यांचीच. आणि २०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून रेम झोपेतल्या माणसांना साधी गणिते विचारली आणि काहींनी डोळे हलवून बरोबर उत्तरे दिली, हे वाचले तेव्हा तुला मध्यरात्री फोन करावासा वाटला होता. तू झोपली असशील म्हणून केला नाही. तुझ्या तत्त्वाचा मी एवढा मान राखते याची नोंद घे.

सोडून का देत नाहीस, असे तू विचारशील. जिन्याचे स्वप्न तुला माहीत आहे. ते मला किती वर्षे पडत होते आणि त्यानंतर मी कशी उठून बसत असे, हे तूच पाहिले आहेस. त्या स्वप्नात एकदा मी भिंतीवरची सूचना वाचली, नजर वळवून पुन्हा वाचली, तर अक्षरे बदललेली होती. तेव्हा मला कळले की हे स्वप्न आहे. दृश्य विरू लागले म्हणून मी तळहात एकमेकांवर घासले, भिंतीला हात लावला, तिचा खरखरीतपणा जाणवला आणि मी आजवर कधी केले नव्हते ते केले, मागे वळून पाहिले. मागे कुणीही नव्हते. त्यानंतर ते स्वप्न पडलेले नाही. दुःस्वप्नांवरचा उपाय म्हणून सजग स्वप्नांचा वापर होतो हे मला ठाऊक होते, पण ठाऊक असणे आणि त्या जिन्यावर उभे राहून मोकळा श्वास घेणे यांत फार अंतर आहे. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्था आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांतल्या दोन एकाच क्षणी अनुभवता येतात, हे एकदा कळल्यावर तो दरवाजा कायमचा बंद करणे मला जमणार नाही आणि करायची इच्छाही नाही.

गोळ्यांचे पुन्हा काढू नकोस. गॅलँटामीनने सजग स्वप्नांचे प्रमाण वाढते हे खरे आहे आणि तसा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्धही झाला आहे. पण ते अल्झायमरच्या रुग्णांना देण्याचे औषध आहे, मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचे विघटन ते रोखते, त्याने मळमळ होते, उलट्या होतात, नाडी मंद होऊ शकते. ज्या छंदाने माझ्या आठवणीबद्दल शंका निर्माण केली, त्याच्यासाठी मेंदूच्या रसायनात आणखी हात घालायला मी तयार नाही. सुमित्राताईंनी तुला काहीही सांगितलेले असो.

मी काय ठरवले आहे ते सांगते, आणि त्यामागचा विचारही सांगते, कारण तू नुसता निर्णय ऐकून कधीच ऐकत नाहीस. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, तो २०१७ चा आहे, पहाटे उठून ‘स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे ओळखीन’ असा संकल्प मनाशी घोळवत पुन्हा झोपणाऱ्यांना एकूण १७ टक्के रात्री यश मिळाले. पण संकल्पानंतर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात ते प्रमाण ४६ टक्क्यांवर गेले. हे वाचून मी बराच वेळ थांबले. पाळीच्या आदल्या रात्री मी पुन्हा अंथरुणावर पडते तेव्हा अर्धे लक्ष घड्याळाकडे असते, किती वेळ उरला याचा हिशोब चालू असतो, आणि पाच मिनिटांत झोप लागण्याची शक्यता जवळपास नसते. म्हणजे त्या रात्री झोपही जाते आणि स्वप्नही मिळत नाही. कामाच्या आदल्या रात्री प्रयत्न करणे हे नोकरीइतकेच छंदाच्याही विरुद्ध आहे, आणि हे मला कुणी कर्तव्याचे व्याख्यान देऊन नव्हे, त्या दोन आकड्यांनी पटवले.

म्हणून आता पाळीच्या आदल्या रात्री गजर नाही, संकल्प नाही, उशाशी वही नाही. सुट्टीच्या आदल्या रात्रीच प्रयत्न करायचा, आणि तोही झोपायची वेळ न बदलता, सकाळचा गजर काढून टाकून, म्हणजे मध्ये जागून घालवलेला वेळ शेवटी भरून निघेल. सुट्टीच्या दिवशीही फार उशिरापर्यंत लोळायचे नाही, कारण मग पुढची रात्र बिघडते आणि तिच्यानंतर पाळी असते. आपण जागे आहोत की स्वप्नात हे ताडण्यासाठी प्रयोगशाळेत बोटे मोजणे आणि नाक दाबून श्वास घेऊन पाहणे मी बंद केले आहे. हे सर्वांत अवघड गेले, कारण दिवसभराची ती सवयच रात्री स्वप्नात उतरते. पण ज्या खोलीत मी खऱ्या माणसांच्या रक्ताचे आकडे पाहते, त्या खोलीबद्दल ‘हे खरे आहे का’ असा प्रश्न मनाला पुन्हा पुन्हा विचारायला लावणे मला आता योग्य वाटत नाही. घरी, जिन्यावर, आरशासमोर खुशाल विचारीन. आणि स्वप्नात प्रयोगशाळा दिसलीच तर तिथे थांबून काम करायचे नाही, दार उघडून बाहेर पडायचे, हा संकल्प मी आता मुख्य संकल्पाला जोडला आहे.

फ्रेडरिक व्हान एडेन तुला आवडत असत, त्यांची एक गोष्ट मी नव्याने पाहिली. ‘ल्युसिड ड्रीम’ हे नाव ज्यांच्या १९१३ च्या लेखामुळे रूढ झाले, त्यांनी १८९८ ते १९१२ या काळात अशी ३५२ स्वप्ने नोंदवली. भागाकार कर. महिन्याला सरासरी दोन! ते डॉक्टर होते, लेखक होते, हातात शंभर कामे होती, आणि महिन्याला दोन स्वप्नांवर त्यांनी हा विषय उभा केला. आठवड्याला तीन-चार हवीत हा हट्ट आपण कुठून आणला, कोण जाणे. महिन्याला दोन मला पुरतील.

एका गोष्टीचे उत्तर मात्र मला कोणत्याही लेखात मिळालेले नाही, आणि हे पत्र खरे तर तेवढ्यासाठीच आहे. झोप पुरी झाली तरी स्वप्ने आठवण्याची सवय तर राहणारच. वही बंद केली म्हणून आठवण लगेच पुसट होत नाही, कामाच्या दिवशीही मला पहाटेचे स्वप्न लख्ख आठवते. त्या भीतीच्या रात्रीनंतर, अंग हलेना आणि छातीवर कुणी बसले आहे असे तुला वाटले होते त्यानंतर, तू हे सगळे एका दिवसात सोडलेस. (नंदू तेव्हा हसला होता, त्याचा राग मला अजून आहे.) सोडल्यावर तुझी स्वप्नांची आठवण किती काळ टिकली? हळूहळू ओसरली, की एकदम? आणि त्या काळात तुला कधी असे झाले का, की एखादे बोलणे खरोखर झाले की नाही हे दुसऱ्याला विचारून खात्री करावी लागली? झाले असेल तर तू काय केलेस?

नव्या घराबद्दल आनंद वाटला. गच्चीचा फोटो पाठव. ईशाला परीक्षेसाठी आशीर्वाद, आणि अभ्यासासाठी रात्री जागू नकोस असे तिला माझ्या नावाने सांग, तुझ्या नावाने सांगितले तर ती ऐकणार नाही. बदलीचे काय ठरले? काकूंना नमस्कार.

उत्तर फोनवर देऊ नकोस, लिहूनच पाठव. मला ते कागदावर हवे आहे.

तुझी,
शुभा